कोठीतले गोणपाट

इरशादने दोरी सोडून टोपलीचे झाकण बाजूला सारले, तसा नूरी मांजरीने आधी एक कान, मग डोके आणि शेवटी पट्टी बांधलेले पोट सावकाश बाहेर काढले. पेणच्या डॉक्टरांकडे ऑपरेशनसाठी नेलेली ती दोन दिवसांनी अष्टमी गावातल्या घरी परतत होती. वाटेत तिने ओरडून सारी एसटी डोक्यावर घेतली होती. ओटीवरचा गार कोबा पायांना लागताच ती गप्प झाली आणि उंबऱ्यात बसलेल्या बहिणीकडे निघाली.

बिजली उठून चार पावले पुढे आली. तिने नूरीच्या मानेशी नाक नेले आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या पाठीची कमान झाली, शेपटी फुलून कणसाएवढी जाड झाली. फिस्स करून तिने असा पंजा उगारला की नूरी उलट्या पावली टोपलीत जाऊन बसली.

"अगो बया!" दुकानाच्या फळीशी पोह्यांसाठी थांबलेली शेजारची चंद्रावती हसू लागली. "सख्खी भईन ना गो तुजी? दोन दिवसांत वळख इसरलीस?"

"दवाखान्याचा वास येतोय तिला," तराजूमागून मुसा म्हणाले. इरशादचे वडील चाळीस वर्षे हे धान्याचे दुकान चालवत होते. पुढे दुकान, मागे घर आणि दोहोंच्या मध्ये तांदळा-वालाच्या गोण्यांची कोठी. दोन्ही मांजरी त्या कोठीतच जन्मल्या होत्या.

इरशादची बायको सलीमा दारात उभी होती आणि तिच्या ओढणीआडून चार वर्षांची अरीबा सारे पाहत होती.

"अम्मी, ही नूरी नाय," अरीबाने निकाल दिला.

इरशादने टोपलीवरचा हात काढून घेतला. अकरा दिवसांपूर्वी तो याच ओटीवर बॅगा घेऊन उतरला होता, तेव्हा ती याच ओढणीआडून, याच आवाजात म्हणाली होती, "अम्मी, हे अब्बा नाय."

तिचे अब्बा फोनमध्ये होते. इरशाद मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला, तेव्हा ती दीड वर्षाची होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी सलीमाचा फोन घेऊन आतल्या खोलीत पलंगावर बसायचे आणि अब्बांना दिवसभराची हकिकत सांगायची, हा तिचा नेम. अब्बा घरी आले म्हणून तो मोडण्याचे तिला काही कारण दिसले नाही. संध्याकाळ झाली की ओटीवर बसलेल्या इरशादच्या खिशात फोन वाजे आणि भिंतीपलीकडची मुलगी पडद्यावर येऊन खुशीत गप्पा मारू लागे.

"अब्बा, त्या पावण्यांनी नूरीला टोपलीत घालून नेली."

"पावणे कसे हायत?" इरशादने हळूच विचारले होते.

"बरे हायत." तिने जरा विचार केला. "पण त्यांना वास येतो."

"कसला वास?"

"दुसरा."

एकदा मोह न आवरून तो बोलता बोलता फोन घेऊन खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने पडद्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले, फोन गादीवर पालथा घातला आणि असा हंबरडा फोडला की शेजारून चंद्रावती धावत आली. त्यानंतर त्याने तो प्रयोग केला नाही. पंचेचाळीस दिवसांची सुटी होती. त्यातले चौतीस उरले होते, आणि मुलीच्या लेखी तो अजून आलाच नव्हता.

"फोनला वास नसतो ना," सलीमा त्याची समजूत घालायला म्हणाली होती आणि मग तिलाच हसू आले होते.

नूरीचा प्रश्न निदान आपल्या आवाक्यातला आहे, असे इरशादला वाटले. दोन खोल्यांत सारखा गारवा हवा असेल तर दोन्हीकडे एकच हवा सोडावी, हे तो रोजच्या कामातून शिकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वडिलांसाठी आणलेली उदाच्या अत्तराची कुपी काढली आणि बोट बुडवून दोन्ही मांजरींच्या मानेला थोडे थोडे चोळले.

परिणाम तत्काळ दिसला. नूरी शिंकत टोपलीत शिरली. बिजलीने स्वतःच्या मागे कोणी उभे आहे की काय, अशा संशयाने गर्रकन वळून पाहिले, स्वतःच्याच शेपटीवर फिस्कारली, आणि फडताळावरून उडी घेऊन जी माळ्यावर गेली ती दुपारच्या मासळीलाही खाली उतरली नाही.

"अम्मी!" अरीबाचा आवाज दुकानापर्यंत गेला. "पावण्यांनी दोघींना आपल्यासारखा वास लावला! आता दोघीपण पावण्या झाल्या!"

सलीमाने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. मुसा मात्र मोकळेपणी, खोकला येईपर्यंत हसले.

"अत्तर माणसानं लावायचं, तेपण जुम्म्याला. मांजर काय मशिदीत जाते, रे?" ते उठून कोठीत गेले आणि एक जुने गोणपाट घेऊन आले. वर्षानुवर्षांचा कोंडा त्याच्या धाग्याधाग्यांत बसला होता. बिजली त्यावर झोपत असे, त्यामुळे मधोमध तिच्या अंगाचा खळगा पडला होता. "हे हिच्याखाली घाल. नि हिच्या टोपलीतलं फडकं बिजलीच्या जागेवर टाक. उद्या अदलाबदल, परवा परत. घाई नाय करायची."

"असं केल्यानं जमतं, बाबा?"

"मी केलंय काय आधी? पण गोणीत राहिलेला तांदूळ गोणीचा वास घेतो, एवढं ठावं हाय मला."

इरशादने तसेच केले. टाके दुखावू नयेत म्हणून नूरीला दोन्ही हातांनी अलगद उचलून तो गोणपाटावर ठेवी, आणि अरीबा कोठीच्या दारापाशी, त्याच्यापासून बरोबर पाच गोण्या दूर उकिडवी बसून पाही. त्याच्याशी ती बोलत नसे. संध्याकाळी मात्र फोनवर सविस्तर वृत्तांत येई.

"अब्बा, पावण्यांना मांजर बरोबर धरता येते."

"असं?"

"व्हय. दादांनी शिकवलं असंल." मुसांना ती दादा म्हणे.

पहिल्या दिवशी बिजली माळ्याच्या काठावरून नुसती पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती खाली उतरली, फडके हुंगले आणि नाराजीने का होईना, त्याच्या एका कडेला बसली. तिसऱ्या दिवशी कोठीत जरा फिस्कारणे झाले, पण त्यात जोर नव्हता. नाव राखण्यापुरते भांडावे तसे ते होते. चौथ्या सकाळी सलीमा तांदूळ काढायला गेली आणि तिथूनच तिने दबक्या आवाजात सर्वांना बोलावले. गोणपाटाच्या खळग्यात दोन्ही मांजरी एकीत एक गुंतून पडल्या होत्या. बिजली नूरीचा कान चाटत होती, आणि मधूनच आपले काम नीट झाले की नाही, ते वास घेऊन तपासत होती.

अरीबा पोटावर पालथी पडून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"दादा, मग नूरी आधी खोटी होती काय?"

"नाय गो. नूरीच होती ती. वास लांबचा होता."

"आता?"

"आता घरचा लागला."

त्यानंतर दिवसभर ती मांजरींपाशीच होती. चंद्रावतीने वालाच्या शेंगा सोलायला बोलावले तरी गेली नाही. संध्याकाळी इरशाद अंघोळ करून, पांढरा स्वच्छ लेंगा घालून ओटीवर बसला. खिशात फोन वाजला. पडद्यावर अरीबा होती. आज चेहऱ्यावर हसू नव्हते, कामाची घाई होती.

"अब्बा, कोठीत जा."

इरशाद सावरून बसला. फोनमधल्या अब्बांना तिने आजवर कधी घरात कुठे पाठवले नव्हते.

"कोठीत?"

"व्हय. नूरीचं गोणपाट हाय तिथं. त्याच्यावर बसा. हलायचं नाय."

तो उठला. दुकानातून मुसांनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली. कोठीत शिरून तो मांजरींच्या शेजारी गोणपाटावर मांडी घालून बसला. बिजली जरा सरकली. पांढऱ्या लेंग्याला कोंडा लागला.

"बसलो. किती वेळ बसू?"

"नूरीला तीन दिवस लागले." तिने त्याला पडद्यातूनच आपादमस्तक न्याहाळले. "तुम्ही मोठे हाव. जास्ती लागतील."

"बसतो."

तेवढ्यात नूरी उठली. तिने त्याचा गुडघा हुंगला, बाही हुंगली, पोटाची पट्टी सांभाळत मांडीवर चढली आणि दोनदा गिरकी घेऊन बसली. इरशादने फोन खाली वळवला.

अरीबा पडद्याला नाक लावून पाहू लागली.

"तिनं वास घेतला?"

"घेतला."

"मग?"

"मग बसली."

मग पडदा हलला, तिरपा झाला, आणि त्यात घराचे वासे आणि गरगरणारा पंखा तेवढा दिसू लागला. फोन पलंगावर उताणा पडला होता.

"अरीबा?"

स्वयंपाकघरात चाललेला भांड्यांचा आवाज एकाएकी थांबला. आतल्या खोलीपासून कोठीपर्यंत बारा-पंधरा पावलांचे अंतर होते. इरशाद हलला नाही. तसा त्याला हुकूमच होता.