ब्याण्णव किलो

एका पाहुण्याचं डोकं दारावर आपटलं, तिथून हे सगळं सुरू झालं. आमच्या कंपनीचं जुनं हेलिकॉप्टर पाच जणांचं होतं आणि त्याचं दार बुटकं, आत शिरताना कमरेत वाकावं लागायचं. मालकांचा तो पाहुणा आधीच उंच, त्यातून बोलण्याच्या नादात. कपाळावर टेंगूळ आलं आणि ते मिरवत तो दिवसभर कारखान्यात हिंडला. फोटोतसुद्धा आधी टेंगूळ दिसायचं, मग तो. त्याच संध्याकाळी मालकांनी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, "माणूस ताठ मानेनं चढेल असं मोठं हेलिकॉप्टर बघा."

माझं काम वजनांचं. कोण, किती किलोचा, कुठल्या खुर्चीवर बसणार, सामान किती, इंधन किती, याचा तक्ता करून खाली सही करायची. माझ्या सहीशिवाय पंखा फिरत नसे. आता मोठ्या लोकांना काट्यावर उभं करायची पद्धत नाही. 'साहेब, आपण कितीचे?' हे विचारणार कोण? बाकीचे सरसकट पंच्याहत्तर लिहून मोकळे होतात. मी गाडीतून उतरणाऱ्या माणसाला एकदा खालपासून वरपर्यंत बघायचे आणि आकडा लिहायचे. दोन किलोच्या वर कधी चुकले नाही. मला त्याचा माज होता, हे आधीच सांगून टाकते.

आणि ते हेलिकॉप्टर चालवायचा माझा सख्खा धाकटा भाऊ. एक्केचाळीस वर्षांचा, खांद्यावर चार पट्ट्या, तरी मला बाळ्याच. हँगरमध्ये सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे, मी चारचौघांत 'कॅप्टन' म्हटलं की त्याला हसू यायचं.

तीन महिने माहितीपुस्तकं चाळून दोन हेलिकॉप्टरं उरली. दोन्ही आठ खुर्च्यांची. पहिलं दिसायला साधं, छत बेताचं, पण इंजिनं दणकट. दुसरं ऐसपैस, आत जवळजवळ उभं राहता यायचं. आमचा कारखाना डोंगराच्या पलीकडे पठारावर. तिथली हवा विरळ आणि दुपारी तापलेली. अशा हवेत कुठलंही हेलिकॉप्टर खालच्याइतकं वजन उचलत नाही.

"ताई, पहिलं घ्यायला लाव," बाळ्या म्हणाला. "दुसरं नुसतं दिसायला पैलवान. पठारावर जाऊन धापा टाकेल."

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. हा माणूस उगाच कुणाला पाणीही विचारत नाही.

"मालकांचं मन दुसऱ्यावर बसलंय," ते म्हणाले. "तुमच्या तक्त्यात ते कमी पडलेलं दिसायला नको."

"म्हणजे खोटे आकडे लिहू?"

"खोटे कशाला? बनवणाऱ्यांनी जे वजन दिलंय तेच लिहा की."

बनवणाऱ्यांनी दिलेलं वजन रिकाम्या सांगाड्याचं होतं. त्यात लाकूड नाही, चामडं नाही, गालिचा नाही. मी तेच लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात तळटीप टाकली: 'आतली सजावट धरलेली नाही.' तळटीप कुणी वाचत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच टाकली.

बैठकीत मालकांनी तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आठ माणसं पठारावर जातील?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या टेबलापाशी मला पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती. मी म्हणाले, "जातील."

समोर बसलेल्या बाळ्यानं भुवई उंचावली. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला शंका होती. पण तू म्हणालीस ना, मग झालं." लहानपणी विहिरीत पहिली उडी त्यानं माझ्याच शब्दावर मारली होती. त्याला माझं खरं वाटायचं आणि मला ते आवडायचं.

मग सजावट सुरू झाली. आठ चामडी खुर्च्या आल्या, हात लावला तर बोट रुतेल अशा. भिंतींना लाकूड आलं, आवाज दाबायला जाड अस्तर आलं, फ्रिज आला. पायलट आणि पाहुणे यांच्यामध्ये सरकती काच आली. प्रत्येक वस्तूचा कागद माझ्याकडे यायचा. एकेकटी वस्तू कुठं फार जड होती? मी सह्या करत गेले. सगळं झाल्यावर हेलिकॉप्टर काट्यांवर चढवून तोललं, तेव्हा कळलं की नाकापेक्षा मोती जड झालाय. आठ पाहुणे, दोन पायलट आणि नियमाप्रमाणे इंधन घेतलं, तर पठारासाठी पंच्याऐंशी किलो जास्त भरत होते.

मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. "काच काढू या. त्रेचाळीस किलोची आहे. फ्रिज एकोणीस, त्याचं कपाट पंचवीस."

"काच मालकांनीच सांगितलीय. समोर पायलटचं डोकं नको म्हणाले."

"मग पाहुणे सात न्या."

ते हसले. "आठ खुर्च्यांचं घेऊन सात बसवायचे? हे मालकांना तुम्ही सांगणार की मी?" मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दोघंही तयार नव्हतो. ते पुढे म्हणाले, "आठ जातील, हे तुम्हीच सांगितलं होतं. आता बसवा."

मी दोन दिवस कागद उपसले आणि मला सापडलं. हे हेलिकॉप्टर स्वच्छ हवेत दिवसा एका पायलटनं चालवायला परवानगी होती. दोन पायलटांचा नियम आमच्या कंपनीचा, घरचाच. को-पायलट त्याच्या बॅगेसकट ब्याण्णव किलो. तो उतरवला की पंच्याऐंशी जाऊन वर सात किलो शिल्लक! मी माझ्या हातानं नवा नियम लिहिला: पाहुणे आठ, दिवस स्वच्छ, अंतर चाळीस मिनिटांच्या आत, तर पायलट एक. आमच्याकडे पायलटांची ड्यूटी सबंध दिवसाची लागते, तेव्हा अशा दिवशी को-पायलटला सुट्टी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरी जाताना मी गुणगुणत होते.

बाळ्याला हँगरमध्येच सांगितलं. त्यानं कागद दोनदा वाचला.

"म्हणजे पुढं मी एकटा, मधे काच."

"भीती वाटते?"

"भीती कसली! तो बाजूला असला की बरं असतं, एवढंच. मी हट्टाला पेटलो की तो म्हणतो, 'सर, वळू या.' आत्तापर्यंत दोनदा म्हणालाय आणि दोन्ही वेळा त्याचंच बरोबर निघालं." मग त्यानं कागद माझ्या हातात दिला. "तू नीट बघितलंयस ना?"

"बघितलंय."

"मग झालं."

त्या दिवशी पाहुणे अकरा होते. पहिल्या फेरीत आठ, मग परत येऊन उरलेले तीन आणि मालक. सकाळ अगदी स्वच्छ होती. को-पायलट ड्यूटीच्या पाटीवर आपलं नाव खोडलेलं बघून स्कूटरवरून घरी गेला. मी आठ जणांना नजरेनं तोललं, तक्ता केला, सही केली. बाळ्यानं काचेतून अंगठा दाखवला. तेहतीस मिनिटांनी पठारावरून निरोप आला, आठही उतरले, सुखरूप.

पठारावर सामान उतरवण्यात, फोटो काढण्यात तासभर गेला. तोवर डोंगरावर ढग चढले. त्यातच बाळ्या परत निघाला. इकडे मालक तीन पाहुण्यांना घेऊन उन्हात उभे होते, आणि मॅनेजरसाहेब दर पाच मिनिटांनी रेडिओवर विचारत होते, "कॅप्टन, अजून किती वेळ?" मी तिथेच उभी होते. तिसऱ्या वेळी बाळ्याचा आवाज आला, "वीस मिनिटं. खिंडीत ढग आहे, खालून निघतं का बघतो." त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. लहानपणी 'आलोच' म्हणायचा तसं म्हणाला.

पुन्हा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीच्या थोडं वर सापडला. हेलिकॉप्टरचे तुकडे झाले होते आणि फ्रिज शाबूत निघाला. हे मला एका शोधपथकवाल्यानं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. मी अजून त्या फ्रिजला शिव्या देते.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं माझे तक्ते तीन दिवस तपासले. चौथ्या दिवशी म्हणाला, "बाई, तुमचा कागद अगदी चोख आहे. असे कागद बघायला मिळत नाहीत हल्ली." मला वाटलं होतं तो निदान एक तरी चूक काढेल. मला ती हवी होती. कुणीतरी माझ्यावर ओरडायला हवं होतं.

घरी तर मी त्याहून वाईट केलं. भावजयीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बरोबरचा को-पायलट कुठे होता?" मी म्हणाले, "रजेवर होता." ती शाळेत गणित शिकवते, दोनदा विचारायची तिला सवय नाही. तिनं ते धरून ठेवलं. दहा दिवस मी त्याच घरात राहिले, तिच्या ताटात वाढलं, तिच्या मुलीची वेणी घातली.

अकराव्या दिवशी को-पायलट आला, सोबत त्याची आई. भावजयीनं त्यांना बसवलं. मग कुणीतरी मी कोण ते सांगितलं, आणि म्हातारी उठून माझ्याजवळ आली. माझे दोन्ही हात धरून रडायला लागली.

"ताई, तुम्ही याला उतरवलंत म्हणून माझा मुलगा घरी आहे. तुमचे उपकार मी कुठं फेडू?"

को-पायलट पुटपुटला, "आई, पुरे."

भावजय माझ्याकडे बघत होती. "उतरवलं म्हणजे? ते रजेवर होते ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हणजे दुसरं खोटं सुचलं नाही, हे खरं. मी सगळं सांगितलं. आठ पाहुणे, पंच्याऐंशी किलो जास्त, मी शोधलेला नियम. सांगताना माझा आवाज तक्ता वाचून दाखवल्यासारखा झाला होता, तो मलाच ऐकू येत होता.

तिनं मधे तोडलं नाही. सगळं संपल्यावर विचारलं, "यांचं वजन किती धरलंत?"

"बॅगेसकट ब्याण्णव."

"ते जाताना जास्त होत होतं."

"हो, जाताना."

"आणि येताना, ताई? येताना तर आठही खुर्च्या रिकाम्या होत्या ना?"

म्हातारीचे हात माझ्या हातांवरून सुटले. मी "हो" म्हणाले. येतानाचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मॅनेजरसाहेबांच्याही मनाला नाही, बाळ्याच्याही नाही, पण तक्त्यावर सही एकटीची, माझी.

को-पायलट खाली बघून म्हणाला, "मी आदल्या दिवशी गाडीनं पठारावर जाऊन थांबलो असतो, ताई. कुणी विचारलंच नाही."

भावजय उठली. आतल्या खोलीतून माझी बॅग घेऊन आली, आठवणीनं माझा चष्मासुद्धा वरच्या कप्प्यात ठेवला, आणि बॅग माझ्या हातात देऊन शांतपणे म्हणाली, "तुम्ही आता या, ताई."