लाल फडकं आणि मुकी पेटी

मी एक जुनी मधपेटी आहे. चार पायांतला एक डुगडुगतो, रंगाचे पोपडे निघालेत. पण मित्रांनो, रूपावर जाऊ नका. अगदी यंदापर्यंत माझ्या पोटात अख्खं गाव नांदत होतं.

एका सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्यांतून ठोकून काढलं. "माश्यांना काय, कुठेही राहतील," म्हणाला. बोलायला त्याचं काय जातं! पण माश्या खरंच राहिल्या आणि माझ्या लाकडाला मेणाचा वास लागला, तो अजून गेलेला नाही.

माझ्या मालकाला सगळे 'गुणगुण्या' म्हणत, कारण काम करताना तो माश्यांच्या सुरात सूर मिसळायचा. रोज सकाळी येऊन माझ्या कुशीवर बोटाने टकटक करायचा आणि कान लावायचा. आतून 'हूंऽऽ' असा एकमुखी आवाज आला की म्हणायचा, "चला, मंडळी खुशाल आहेत!" त्याला यायला उशीर झाला तर मला चैन पडत नसे.

बांधापलीकडे त्याच्या थोरल्या बहिणीचं सूर्यफुलाचं शेत होतं. दोघांनी एक रीत ठरवली होती. फवारणी करायची असली की ताई आदल्या दिवशी कुंपणाला लाल फडकं बांधायची. ते दिसलं की गुणगुण्या दिवेलागणीला, माश्या घरी परतल्यावर, माझ्या दाराला जाळी लावायचा आणि वर ओलं पोतं टाकायचा. फवारणीचा दिवस कोंडून काढायचा, दुसऱ्या सकाळी दार मोकळं. माश्या आत नुसत्या धुमसायच्या, पण जिवंत राहायच्या.

यंदा फुलं ऐन भरात असताना कीड पडली. ताईने फडकं बांधलं. याने जाळी लावली, पोतं भिजवलं. सगळं अगदी रीतसर झालं. फक्त दुकानदाराने औषध नवीन दिलं होतं. "जुन्यापेक्षा जालीम आहे, ताई. एकदा मारा आणि निवांत झोपा," एवढंच तो म्हणाला. जुनं औषध पानावर बसायचं आणि उन्हात त्याचा जोर ओसरायचा. हे मात्र पानातून आत शिरलं, देठातून फुलात चढलं आणि फुलातल्या रसात उतरलं. याची ना ताईला कल्पना, ना भावाला.

दार उघडलं तशा उपाशी माश्या सुसाट सुटल्या. परतल्या त्या झिंगल्यासारख्या. दार समोर असून कित्येकींना ते सापडेना. काही उंबऱ्यावरच उलट्या पडून पाय झाडत होत्या. ज्यांनी रस आत आणला, त्यांनी तोच पिलांना भरवला. आई गं, काय सांगू! मी पडले लाकडाची, मला माझं दारसुद्धा लावता येत नाही.

पुढे रोज टकटक झाली आणि रोज आतला आवाज बारीक होत गेला. शेवटी राणीमाशी रिकाम्या पोळ्यावर एकटीच पडलेली सापडली.

ताई धावत आली. "अरे, मी फडकं बांधलं होतं रे!"

"बांधलं होतंस, ताई. मीही दार लावलं होतं."

"मग असं कसं झालं?"

दोघं माझ्याजवळ मातीत बसून रडली. पुढे पीक काढताना ताईने बिया चोळून पाहिल्या, तर निम्म्याहून जास्त फोल. फुलाफुलांवर फिरायला कुणी उरलंच नव्हतं, दाणा भरणार कसा?

मित्रांनो, फुलं उमललेली असताना विष मारू नका. मारण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर बाटलीत काय आहे आणि ते कुठवर पोहोचतं, हे आधी विचारा. नुसत्या फडक्यावर विसंबू नका.

गुणगुण्या आता गुणगुणत नाही. सकाळी मात्र न चुकता येतो, टकटक करतो, कान लावतो. परवा बराच वेळ थांबला आणि मग स्वतःच हळूच 'हूंऽऽ' म्हणाला. माझ्या पोकळ पोटात तो आवाज घुमला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.