वेशीच्या आत

हृषिकेश गॅरेजच्या शटरवर लाथा घालत होता आणि परदेशातल्या टार्निट उपनगराच्या त्या गल्लीत, लॉकडाऊनने घरात कोंडलेल्या प्रत्येक कुटुंबाचा पडदा बोटभर सरकला होता.

"बाहेर काढ त्याला, लीना. माझ्या बापाला मारून इथे लपलाय."

लीना जाळीच्या दाराआड उभी होती, सहा महिन्यांची सारा कडेवर. नवरा शिफ्टला. दुधाची बाटलीसुद्धा पुसून आत घेणारी बाई ती. कोविड झालेला भाडेकरू विनय बरा झाला तरी तिने त्याला गॅरेजमधून घरात घेतलं नव्हतं. त्याचं ताट ती दाराशी आदळायची.

"आवाज खाली. बाळ झोपतंय."

"माझा बाप कायमचा झोपला. मी हॉस्पिटलच्या आयपॅडवरून बघितलं. तुझं बाळ उठेल तरी." त्याने आणखी एक लाथ घातली. "घरी कुणाला घ्यायचं नाही असा नियम असताना हा तासभर बसला चहा ढोसत. घसा बसलेला होता त्याचा. बाबाच फोनवर म्हणाले मला."

गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराआडून विनयचा आवाज आला. "वहिनी, मी बोलतो त्याच्याशी. मुरलीधरकाकांनीच हाताला धरून आत नेलं."

"गप बस. बाहेर पाऊल टाकलंस तर मी मध्ये पडणार नाही."

बोलून गेली आणि तिला ठाण्याचं घर आठवलं. शनिवारी तिचे बाबा तोरा, ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचून मराठीत सांगायचे. ठरवून खून करणाऱ्याला वेदीपासूनही ओढून न्या. पण हातून नकळत कुणी मेलं, तर त्याने आश्रयाच्या नगरात पळून यावं. वेशीपाशी वडीलधारे त्याला विचारणार, वैर होतं का? नसेल तर आत घेणार. पण महायाजक, म्हणजे मुख्य धर्मगुरू, मरेपर्यंत त्याने आतच राहायचं. वेस ओलांडली आणि मेलेल्याच्या नातलगाने गाठून मारलं, तर मारणाऱ्याला दोष नाही. लहानपणी लीनाला ही दया फार कद्रू वाटायची.

"त्या दोघांचं वैर होतं का रे?" तिने जाळीतून विचारलं.

"वैर कसलं? बाबांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडायचा. म्हणून सोडून देऊ?"

"सोडत नाहीये मी त्याला. आतच ठेवतेय."

"तू कोण ठरवणार? आणि गेला कशाला तो आमच्याकडे?"

तीन आठवडे विनयने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. साराच्या नवसाचा मालिदा लीनाने केला होता. गूळ-खोबऱ्याचे पोहे, वर फळं. बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यूंच्या घरात मालिदा एकट्याने खात नाहीत. "वहिनी, घसा खवखवतोय," विनय म्हणाला होता. "हीटरमुळे असेल," ती म्हणाली होती. "काका एकटे असतात. जा, देऊन ये."

"मी पाठवलं होतं," लीना म्हणाली. "घसा दुखतोय हे त्याने मला सांगितलं होतं."

लाथ थांबली. हृषिकेश शटर सोडून दाराकडे वळला.

"मग तू बाहेर ये."

तिने साराला प्रॅममध्ये ठेवलं, पट्टा लावला, तो ओढून बघितला. मास्क चढवला आणि जाळी उघडून पायरी उतरली. दार मागे ओढून घेतलं.

हृषिकेश दोन पावलं मागे सरला. कोविडच्या पाच महिन्यांत सगळ्यांच्याच अंगात मुरलेली सवय.

"आता बोल," तो म्हणाला. "बाबांचं नाव घेऊन बोल."