नऊ पोती

घरामागच्या मोकळ्या जागेत शिवणकामाची खोली बांधायचं ठरलं. चार भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले आणि खालच्या काँक्रीटचा प्रश्न आला. किती माल लागेल? सूनबाईने सासऱ्यांना विचारलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस घरात असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं?

बाबा दारात उभे राहिले, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला बघितलं आणि म्हणाले, "नऊ पोती सिमेंट."

तिने मात्र टेप काढला. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, जाडी चार इंच. चाळीस घनफूट. वाळू-खडीचं प्रमाण धरून हिशेब केला तर सात पोती होत होती. पुन्हा केला, तरी सातच.

"बाबा, दोन पोती जास्त कशाला?"

बाबांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले. गेल्या वर्षभरात हे वाढलं होतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे, एकदा तर जेवून उठल्यावर जेवायला कधी बसायचं म्हणून विचारलं होतं. आताही काहीतरी ओठांवर आलं होतं, पण हाती लागेना.

"काहीतरी होतं गं..." ते कपाळ चोळत म्हणाले. मग हात झटकला. "जाऊ दे. सातच आण. तुझं बरोबर असेल."

त्यांनी वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं. नवरा बाहेरगावी कामाला, विचारायला दुसरं कुणी नव्हतं. तिने सात पोती आणली.

काम सुरू झालं त्या वारी दुकानं दुपारनंतर बंद असायची. मिस्त्री आणि त्याची दोन माणसं सकाळीच आली. पाणी मारून धुमसाने जमीन चोपताना मागच्या भिंतीलगतचा चार फुटांचा पट्टा तीन इंच खाली बसला. "होईल हो ॲडजस्ट," मिस्त्री म्हणाला आणि दाराकडच्या बाजूने माल ओतायला लागला.

कसलं ॲडजस्ट! दुपारी दोन वाजता सातवं पोतं संपलं आणि मागच्या भिंतीपाशी पावणेदोन फूट जमीन उघडीच राहिली.

मिस्त्री दुकानदाराला फोन लावत राहिला. सूनबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शिवणात कधी इंचभर कापड कमी पडू दिलं नव्हतं तिने. "आहे तोच माल पातळ पसरा की," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"अजिबात नाही!"

बाबा दारात उभे होते. आवाज असा होता की मिस्त्रीने फोन खाली केला.

"पातळ केलंस तर महिन्याभरात तडकेल. फळी आण. लांब, सरळ. माल संपला तिथे आडवी उभी कर, मागून विटांचा टेकू दे. कड सरळ उभी राहू दे, उतरती नको. उद्या फळी काढ, कड टाचून खरबरीत कर, धुऊन घे, सिमेंटचं पाणी पाज आणि मग पुढचा माल भर."

"हो काका," मिस्त्री म्हणाला आणि फळी शोधायला पळाला.

बाबा त्या खचलेल्या पट्ट्याकडे बघत होते. "इथे धुणं धुवायचे दगड होते," ते हळूच म्हणाले. "तूच काढायला लावलेस. खड्ड्यात मोकळी माती लोटली होती. ती बसणारच."

सूनबाईला आठवलं. दगड काढून माती लोटली तेव्हा बाबा शेजारीच खुर्ची टाकून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दोन पोती आली आणि मोजून दोन्ही लागली. माणसं हातपाय धुऊन गेल्यावर तिने बाबांना चहा दिला.

"बाबा, चुकलं माझं. तुम्ही नऊ म्हणाला होतात, बरोब्बर नऊ लागली."

"मी म्हणालो होतो?"

"हो. दारात उभं राहून. टेप न लावता."

बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. मग म्हणाले, "कारण सांगितलं होतं का?"

"नाही. तेवढं आठवलं नाही तुम्हाला."

"हं. मग तू तरी काय करणार."

तिचे डोळे भरून आले. "यापुढे मी नुसतं कारण नाही विचारणार," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर जागेवर येऊन उभी राहीन. दोघं मिळून आठवू."

पुढचे दहा दिवस काँक्रीटवर पाणी मारायचं काम बाबांनी मागून घेतलं. सकाळी मारायचे, तासाभरात विसरायचे आणि पुन्हा बादली घेऊन निघायचे. शेजारीण कुंपणावरून हसून म्हणाली, "अहो, आत्ताच तर मारलंत!"

"मारू द्या त्यांना," मागच्या दारात बसलेली सूनबाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "पाणी जास्त झालं म्हणून काँक्रीट बिघडत नाही."