मांगुरानं नेलेला भात

आमच्या घराण्यात दहाव्याचा भात कावळ्याले नाही देत, तळ्याले देतेत. पायरीवरून गोळा पाण्यात सोडायचा. मासोळीनं नेला की बायकोनं हाक मारायची, "चाला जी, घरी जेवाले चाला." मग गेलेला माणूस मागंमागं घरी येते, शेवटचा जेवते अन् सुटते. भात नाही नेला, तं तो तळ्यातच अडकून राहते.

माहे मालक, देवाजी, काविळीनं गेले. दहाव्याले सकाळपासून मी कामठी रोडच्या, घरालगतच्या आमच्या तळ्यावर भात घेऊन बसली होती. घरी सारे उपाशी. पण भात न्याले मासोळी तं पाहिजे ना! मरळ नाही, झिंगा नाही, बेंडूक बी नाही. सारं त्या परदेशी मांगुरानं, मिशावाल्या मासोळीनं गिळलं, अन् नुसत्या भाताले तं तो तोंड बी लावत नाही. अन् तो मांगूर तळ्यात सोडला कोणं? ह्यायनंच! बंदी हाय म्हणून लोक सांगून सांगून थकले, पण आयकतील तं शपथ. "प्रेमिला, लवकर वाढते वं," म्हणत, अन् दुकानातली कोंबडीची घाण आणून त्याले चारत.

गोळे पाण्यात विरून राहिले होते. मले रडूच फुटलं. "जित्तेपणी आयकलं नाही, आता मेल्यावर बी काहून छळता जी?"

तेवढ्यात माह्या देरानं, प्रेमानंदनं, मले न विचारता कोंबडीच्या आतड्यायची पिशवी आणून भातावर रिकामी केली. पाणी काळं झालं. एकावर एक मांगूर, मिशा हालवत, आतड्यासंगं भात बी घेऊन गेले. मग सारं चुप्प.

"नेला वैनी! मारा हाक."

मांगूर का असेना, मासोळीच ती, म्हणलं. अन् हाक मारली.

घरी येऊन ह्यायचं ताट वाढलं. बाहेर झिमझिम चालू होती. अंगणात चिखलातून काहीतरी घासत येऊन राहिलं होतं. पाहते तं काय, तळ्यापासून आमच्या दारापर्यंत मांगूर! कल्ल्याजवळच्या काट्यायवर रेटा देत, तोंड उघडत, मिटत, सारे आमच्याच दाराकडे. शेजारच्या घराकडे एक बी वळला नाही.

प्रेमानंदनं फावडं उचललं. "आयतेच बाहेर आले वैनी! सारे ठेचतो. तळं मोकळं होते."

बरोबरच होतं त्याचं. मांगूर मेले असते तं तळ्यात पुन्हा मरळ दिसली असती. तरी मी त्याचा हात धरला.

"नोका मारू भाऊजी."

"काहून?"

"ह्यायचा भात ह्यातल्या कोणच्यानं नेला, सांगता येते का तुमाले?"

त्यानं फावडं खाली ठेवलं. पहिल्या मांगुराच्या मिशा उंबऱ्याले लागल्या.

"या जी," मी म्हणलं, अन् दारातून बाजूले झाली.