गुणवंतरावांच्या हॉलमधला आवाज

चंद्रपूरकडच्या मूल गावच्या बाजारात, धानाच्या गिरण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर जलालुद्दीनचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक लांब टेबल आणि त्यावर पोट उघडून पडलेले रेडिओ. रेडिओ-टेपची दुरुस्ती पोटासाठी. त्याचा खरा जीव साउंड बॉक्समध्ये. सागवानाची पेटी तो स्वतः ठोकायचा, ॲम्प्लिफायर स्वतः बांधायचा, आणि कोणत्या ॲम्प्लिफायरशी कोणता स्पीकर जुळेल हे ठरवायला दोन-दोन दिवस लावायचा. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटकं करणाऱ्या मंडळ्या हंगामाआधी त्याच्याकडंच यायच्या. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला नटीचा हुंदका ऐकू आला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्याचे कान फाटता कामा नयेत, एवढंच त्याचं म्हणणं असायचं. बावीस वर्षं मूलमध्ये आवाज म्हटलं की जलालभाई.

मग अकरम आला. अकरम त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा, शिरीनचा नवरा. आधी कोरपन्याकडं सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. ते काम सोडून २००२ साली त्यानं मूलच्या बसस्टँडसमोर काचेच्या दाराचं दुकान थाटलं. आत कुलर, गिऱ्हाइकाला थंड पाणी, भिंतीवर होम थिएटरची रंगीत चित्रं. लोक नुसते बघायला म्हणून आत जात आणि डीव्हीडी प्लेअर घेऊन बाहेर येत. जलालुद्दीन ईदला त्याच्याकडं शिरखुर्मा प्यायचा, त्याच्या पोरीचे लाडही करायचा. पण दुकानासमोरून जाताना सायकल आपोआप जोरात हाणायचा आणि मान दुसऱ्या बाजूला वळवायचा.

राइस मिलवाल्या गुणवंतरावांनी नवा बंगला बांधला आणि हॉलमध्ये होम थिएटर बसवायचं काम अकरमला दिलं, तेव्हा मात्र जलालुद्दीनच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. त्याच गुणवंतरावांच्या लग्नात त्यानं साउंड लावला होता. वाटेत भेटले तेव्हा ते हसत म्हणाले, "हे नवीन प्रकरण हाय जलालभाई, तुमच्या कामाचं नाई. पण ऐकाले या बरं का एकदा."

तो गेला. जायचं नाही असं ठरवून गेला.

हॉलमध्ये समोर दोन उंच स्पीकर, मध्ये एक आडवा, मागं दोन, कोपऱ्यात ट्रंकेएवढा वूफर. शिवाय समोरच्या दोघांशेजारी आणखी दोन उंच स्पीकर उभे होते. "भाऊले आवाज दणदणीत पाह्यजे होता, म्हणून अजून एक जोडी दिली," अकरम कौतुकानं म्हणाला. त्यानं डीव्हीडी लावली. हेलिकॉप्टर मागून उडत पुढं आलं. गुणवंतरावांच्या घरातली मंडळी माना वळवून बघू लागली.

जलालुद्दीननं मात्र डोळे मिटले होते. मिनिटभरात त्याच्या ध्यानात आलं, हा ॲम्प्लिफायर दमून राहिलाय. चार उंच स्पीकर दोघांच्या जागी जुंपले होते. एका बैलाच्या बंडीत दुप्पट माल भरावा तसं. चढाला बैल जीभ काढणारच. उठून त्यानं ॲम्प्लिफायरवर सहज हात ठेवल्यासारखं केलं; पत्रा चटका बसेल इतका तापला होता. शिवाय डाव्या बाजूच्या एका स्पीकरची तार उलटी जोडलेली. त्यामुळं माणसांचे आवाज पडद्याआडून आल्यासारखे सगळ्या भिंतीवर पसरत होते.

अकरम जवळ आला. "कसं वाटते, जलालभाई?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. जादा जोडी काढ, नाहीतर तिला वेगळा ॲम्प्लिफायर दे. ते वाक्य अगदी जिभेवर आलं. तेवढ्यात गुणवंतरावांनी अकरमच्या खांद्यावर हात टाकला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आपला इंजिनिअर हाय हा."

जलालुद्दीननं वाक्य गिळलं. "चांगलं हाय," तो म्हणाला आणि चहा न घेता निघाला.

घरी बायकोनं, सुरय्यानं विचारलं, "कसं बसवलं अकरमनं?"

"बसवलं."

"म्हणजे?"

"म्हणजे बसवलं. तुले काय करायचं हाय?"

पंधरा दिवस तो कान लावून होता. गिरणीकडून कोणी आलं की त्याला वाटायचं, आता सांगेल. कामात हात लागेना. टेबलावरच्या रेडिओतून घरघर येत असायची आणि तो मनातल्या मनात गुणवंतरावांचा हॉल ऐकत असायचा. कधी लाज वाटायची. मग अकरमच्या काचेच्या दारातून कोणी खोकं घेऊन बाहेर पडताना दिसायचं आणि लाज पळून जायची.

रविवारी दुपारी गिरणीचा दिवाणजी इतवारी धापा टाकत आला. "चला जलालभाई, भाऊनं बलावलं. पोरीच्या सासरचे लोक आले गडचिरोलीहून. सिनेमा लावला होता. मशीन जळलं, धूर निंगाला."

जलालुद्दीन उठला. दुकानामागच्या घरात जाऊन त्यानं शर्ट बदलला. बटणं लावताना आरशात त्याला आपला चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर हसू होतं. सुरय्या दारात उभी होती. तिनंही ते पाहिलं.

"तुमाले मालूम होतं," ती हळूच म्हणाली. "मी बहिणीले काय सांगू?"

तो इतवारीच्या गाडीवर जाऊन बसला.

हॉलमध्ये जळक्या वार्निशचा वास भरला होता. पाहुणे कसनुसे होऊन पडवीत बसले होते. अकरम भिंतीशी उभा होता, घामानं भिजलेला. गुणवंतराव सगळ्यांदेखत त्याला बोलत होते. "काचीचं दुकान लावलं म्हणजे अक्कल येते काय रे? व्याह्यांसमोर माह्यी इज्जत गेली! कोणाले इचारून जोडलं हे?"

"भाऊ," अकरम म्हणाला, "मले सुद्दा शंका होती. म्हणूनच त्या दिवशी जलालभाईले घेऊन या म्हणलं होतं तुमाले. जलालभाईच्या कानातून चूक सुटत नाई. त्याईनं ऐकलं, हात लावून पाह्यलं, चांगलं हाय म्हणले. मंग मी निश्चिंत झालो."

जलालुद्दीन उंबऱ्यातच थांबला. ते बोलावणं गुणवंतरावांनी टाकलेला तुकडा आहे, असंच तो समजत आला होता. ते अकरमचं होतं. ज्याच्यावर तो जळत होता, तो त्याच्या एका शब्दावर विसंबून होता.

गुणवंतरावांनी वळून पाहिलं. "काय जलालभाई? खरं हाय हे?"

'मी नीट ऐकलंच नाही' असं म्हणून सुटता आलं असतं. त्यानं एकदा अकरमकडं पाहिलं, मग खाली.

"खरं हाय," तो म्हणाला. "मले त्याच दिवशी समजलं होतं. चार स्पीकरचं वझं हाय ॲम्प्लिफायरवर, जळणार हाय. मी बोललो नाई."

"काऊन?"

"तुमी त्याले आपला इंजिनिअर म्हणले. मले कधी म्हणले नाई. जळलो मी."

 अकरम त्याच्या शेजारून निघून गेला. त्याची मोटारसायकल फाटकाबाहेर गेलेली ऐकू आली.

जळलेला ॲम्प्लिफायर जलालुद्दीननं घरी आणला. नागपूरला जाऊन सुटे भाग आणले आणि तीन दिवस बसून तो दुरुस्त केला. जादा जोडीसाठी आपल्या हातानं वेगळा ॲम्प्लिफायर बांधला आणि उलटी तार सुलटी केली. हे झाल्यावर त्यानं गुणवंतरावांना सांगितलं की चूक माझी समजा, अकरमचं काम बंद करू नका. गुणवंतराव हूं म्हणाले. पण आवाज ऐकून त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि बराच वेळ उठले नाहीत.

अकरमनं दोन महिने तोंड दाखवलं नाही. बकरीदला शिरीन एकटीच आली, वाटी खाली ठेवून लगेच गेली. जलालुद्दीन दोनदा काचेच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या वेळी आत शिरला. गिऱ्हाईक नव्हतं. अकरमनं बसा म्हटलं नाही की पाणी दिलं नाही.

"मारायचं असन तं मार," जलालुद्दीन म्हणाला.

"मारून काय होते? मी तुमाले उस्ताद समजत होतो. तोंडावर शिव्या दिल्या असत्या तं चाललं असतं." अकरमनं तारेचं भेंडोळं उगाच उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाला, "कोरपन्याचं एक मंगल कार्यालय हाय. मोठा हॉल, वर टिनाचं छत. आवाज घुमते म्हणतात. मले एकट्याले भरवसा नाई."

बुधवारी ते दोघं मोटारसायकलवर गेले. कार्यालयाच्या मालकानं अकरमला "या साहेब" म्हटलं आणि जलालुद्दीनकडं पाहून सामान कुठं उतरवायचं ते दाखवलं. जलालुद्दीनला पुन्हा तेच जुनं काहीतरी चावलं. त्यानं ते चावू दिलं आणि हॉलच्या मधोमध जाऊन टाळी वाजवली.

"स्पीकर इथी नाई चालत," तो मोठ्यानं म्हणाला. "छताकडून आवाज उलटून येते."

"मंग कुठी ठेवता?" अकरमनं समोरच्या भिंतीकडं हात केला. "तिकडं? तिकडं बाया बसतात!"

"बाया दुसरीकडं बसतीन! स्पीकर तिकडंच येतीन!"

मालक थोडा वेळ दोघांकडं बघत राहिला, मग चहा सांगायला आत गेला. चहा येऊन थंड झाला तरी त्यांचं भांडण चालूच होतं.