रुमालाखालचा हात

अरे, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. डेल्फीननं रेकॉर्डवरची सुई उचलली आणि पुन्हा मागे नेऊन त्याच जागी ठेवली.

स्वयंपाकघरातून मामा ओरडला, "पोरी, सुई अडकलीय तुझी! हलव तिला, नाहीतर मी येऊन हलवतो."

"अडकली नाहीये मामा. हे असंच आहे."

"असंच? अख्खी बाजू एकच ओळ? मी असं वाजवलं असतं तर बाटल्या फेकून मारल्या असत्या लोकांनी."

एरवी ती खो खो हसली असती. पण तिचा कान त्या ओळीत अडकला होता. चार गिटारी, एकच तुकडा, पुन्हा पुन्हा. इतका हळू सरकणारा की बदलला कधी ते कळूच नये. आणि त्या तुकड्याच्या शेपटीला एक मुरका होता. खाली उतरता उतरता मधलाच सूर गिळायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे जायचं. न्यूयॉर्कच्या अख्ख्या हार्लेममध्ये हा मुरका घेणारा माणूस एकच होता, आणि तो आत चवळी ढवळत होता.

ल्यूशस मामा जाझचा गिटारवाला. तरुणपणी क्लबात कुणीतरी पुढच्या टेबलाशी बसून त्याची बोटं टिपून घेतली, आणि मामाच्या चिजा भलत्याच माणसाच्या नावानं रेकॉर्डवर आल्या. तेव्हापासून मामा डाव्या हातावर रुमाल टाकूनच वाजवायचा. त्याच्या वेळचे बरेचजण असं करायचे म्हणे. मामानं ते सोडलंच नाही. माइक दिसला की गिटार पेटीत. एवढं आयुष्यभर वाजवलं, पण त्याचा एक सूर कुठे जपलेला नाही. आणि आता बोटं सुजायला लागलेली. दर हिवाळ्यात एखादी चीज गळायची, मामा ती पुन्हा काढायचाच नाही.

रेकॉर्डच्या पाकिटावर नाव होतं टोबायसचं. टोबायस, तिच्या कॉलेजातला. चर्चनंतर मामाकडे जेवायला यायचा, मक्याचा पाव मागून मागून खायचा, आणि वर "मामा, वाजवा ना" म्हणून पिच्छा पुरवायचा. ही रेकॉर्डही त्यानंच आणून दिलेली. देताना तिच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं त्यानं. आता तिला ते आठवायला लागलं. काय रे, मन एकदा नासलं की दूधही आंबटच लागतं!

रविवारी दुपारी टोबायसचा कार्यक्रम होता, न्यूयॉर्कच्याच सोहोत, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या माडीवर. काही न सांगता ती मामाला घेऊन गेली. मामा सूट-हॅट घालून आला, आणि बघतो तर सगळे जमिनीवर बसलेले.

"खुर्च्या जप्त झाल्या का यांच्या?"

"शूऽऽ! मामा, ऐका."

सुरू झालं. मामाचा पाय सवयीनं दुसऱ्या नि चौथ्या ठोक्यावर पडत होता, जाझवाल्यांचा पडतो तसा. मग तो मुरका आला. पाय थांबला. मामानं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. तुकडा फिरत राहिला, फिरत राहिला, आणि डेल्फीन संगीत सोडून मामाच्या तोंडाकडेच बघत बसली.

संपल्यावर मामा सरळ टोबायससमोर जाऊन उभा राहिला.

"कुठून उचललंस?"

टोबायस पांढराफटक. "तुमच्याकडून. तुमच्या स्वयंपाकघरातून. बोटं दिसली नाहीत, कानानंच घेतलं."

"पाकिटावर माझं नाव?"

"...नाही."

डेल्फीनला वाटलं, आता कानाखाली बसणार. मामानं हॅट डोक्यावर चढवली.

"गाढवा," तो म्हणाला, "अर्धंच नेलंस. चोरायचं तर अख्खं चोरावं. आण ती गिटार."

मामा बसला. रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि रुमाल परत खिशात. उघडी बोटं, सुजलेली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत. आणि काय वाजवलं रे! गळून गेल्या म्हणून तिनं आशा सोडलेल्या चिजा एकीतून एक निघायला लागल्या. डोळे मिटलेले, ओठांवर हसू.

तेवढ्यात तिची नजर भिंतीकडे गेली. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचं यंत्र तिथे होतं, त्याचा माइक वर तुळईला टांगलेला, मामाला न दिसलेला, आणि यंत्राची चाकं फिरत होती.

तिनं टोबायसकडे पाहिलं. त्यानंही यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. विसरला होता, की मुद्दाम चालू ठेवलं होतं? चेहऱ्यावरून काही कळेना. तो जागचा हलला नाही. ती मात्र गेली, भिंतीला पाठ लावून, बंद करायच्या बटणावर बोट ठेवून उभी राहिली. दाबलं तर खटका वाजणार, मामाचे डोळे उघडणार, वाजवणं तिथंच थांबणार. नाही दाबलं तर मामाचं सगळं या पोराच्या हातात, पण निदान कुठेतरी राहणार.

मामा पुढच्या चिजेत शिरला.

बोट बटणावरच. सांग, तू काय केलं असतंस?